घर बांधताना उन्हाचाही हिशेब मांडा

पोटाला चिमटा काढून, सोसायटीचे कर्ज घेऊन, कुणी रमाई आवास योजनेतून आपल्यातली अनेक माणसे स्वतःचे घर उभारीत आहेत. स्लॅब पडला की सौर संच विकणारे दलाल दारात येतात. त्यांना होकार देण्याआधी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट, आधी वीज वाचवा, मग वीज तयार करा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला जुने ८१ युनिट घेतील, नवे ३२. एवढी बचत झाली तर संच लहान घेऊन भागते.

दुसरी गोष्ट, विजेचे बिल काढून वर्षाचे युनिट मोजा. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. त्याला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. घरकुल २६९ चौरस फुटांचे असले तरी ती निघते. मात्र पाण्याची टाकी उत्तरेला ठेवा. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. लोखंडी पायांचे बोल्ट कुठे येतील हे स्लॅब टाकतानाच गवंड्याला सांगा.

तिसरी गोष्ट पैशाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन व त्यावर ७८,००० रुपये अनुदान ठरले. पण ते संच बसून तपासणी झाल्यावर खात्यात येते. आधी पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. त्यासाठी सावकाराचे दार नको, सरकारी बँकेत कमी व्याजाचे कर्ज विचारा. घर, मीटर आणि बँकखाते एकाच नावावर असू द्या. ते नाव घरच्या बाईचे असेल तर फारच उत्तम. योजनेच्या यादीतला नोंदणीकृत विक्रेताच निवडा. पाच वर्षांच्या देखभालीचे लेखी घ्या. कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

चौथी गोष्ट दलाल सांगत नाहीत. बॅटरी नसलेला संच वीज गेली की बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. भारनियमनाच्या गावात मुलांच्या अभ्यासापुरता एक दिवा व पंखा चालेल अशी छोटी बॅटरी वेगळी ठेवा.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी खचू नये. भिंतीत गरम पाण्याचा पाइप आणि छतापर्यंत वायरची नळी आताच घालून ठेवा. पुढे भिंत फोडावी लागणार नाही. चार माणसांना १०० लिटरचा सौर बंब पुरतो. चुलीचा धूरही वाचतो. दावणीला चार-पाच जनावरे असतील तर गोबरगॅसचा विचार जरूर करा.

ऊन सर्वांच्या छपरावर सारखेच पडते. ते आपल्या कामी यावे, गळ्याचा फास होऊ नये, यासाठी सही करण्याआधी नवराबायकोने एकत्र बसून कागदावर हिशेब मांडावा. आकडे जुळत नसतील तर वर्षभर थांबावे. ऊन कुठे पळून जात नाही.