चाल ठाऊक असलेली माणसं आहेत तोवर

जाड पुठ्ठ्याची लांबट वही. पानाच्या डोक्याला लाल शाईत 'चाल' असं लिहून पुढे एखाद्या सिनेमाच्या गाण्याचे पहिले दोन शब्द. खाली निळ्या शाईत धृपद, चार-पाच कडवी आणि शेवटच्या कडव्यात गुंफलेलं कवीचं नाव. समासात पेन्सिलीनं खुणा केलेल्या: 'कोरस दोनदा', 'इथे ढोलकी बंद'. गावाचं नाव आणि तारीख कधी असते, कधी नसते. कडा कसरीनं खाल्लेल्या असतात. नाशिक शहरातल्या जुन्या वस्त्यांमध्ये, नाशिकरोडला, सिन्नर, निफाड, येवला, मनमाड, दिंडोरीकडच्या घरांमध्ये अशा वह्या आजही लोखंडी पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर पडून आहेत. आंबेडकरी जलशांच्या आणि त्यातून पुढे निघालेल्या गायन पार्ट्यांच्या या वह्या आहेत. त्या वाचवण्यासाठी तुमचा हात हवा आहे, आणि तो लवकर हवा आहे.

जलसा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सत्यशोधक चळवळीनं तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला आशय बदलून टाकला. आंबेडकरी जलशानं तोच साचा आणखी धारदार केला. गण राहिला, पण तो गणपतीचा राहिला नाही. गौळणीच्या आणि बतावणीच्या जागी सावकार, तलाठी, गावकी, अंगारे-धुपारे, मेलेली जनावरं ओढण्याची सक्ती, मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह, असं सगळं आलं. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज, जमलं तर पेटी. उजेडाला गॅसबत्ती. स्त्रीची भूमिका पुरुषच करत. माणसं दिवसभर गिरणीत, रेल्वेत, शेतावर राबणारी. रात्री दुसऱ्या गावी चालत जाऊन पहाटेपर्यंत गाणारी. बिदागी मागायची नाही, भाकरी मिळेल ती खायची. गावच्या पाटलानं हटकलं तर वस्तीतच बोळात उभं राहून गायचं.

हे सगळं नाशिकच्या मातीत इतकं रुजलं त्याला कारण आहे. २ मार्च १९३० रोजी पंचवटीतल्या काळाराम मंदिराचा प्रवेश-सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षं चालला. दादासाहेब गायकवाडांसारखा संघटक इथलाच. हजारो माणसं गावोगावहून पंचवटीत येत होती, तुरुंगात जात होती, परत गावी गेल्यावर बहिष्कार सोसत होती. त्यांच्यापर्यंत बातमी पोचवायची तर वर्तमानपत्र पुरत नव्हतं, कारण वाचता येणारे थोडे होते. १९३१ मध्ये भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. ही स्थळं आज आपण फलकांवर वाचतो. त्या काळी शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत ती गाण्यातून पोचली. कर्डकांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिलं म्हणून आपल्याला निदान त्यांच्या जलशाबद्दल काही कळतं. बाकीच्या बहुतेक जलसाकारांनी पुस्तकं लिहिली नाहीत. त्यांच्या वह्याच आहेत, आणि त्याही असल्या तर.

आणि मग लोककवी वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ ला जन्मलेला, लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस मुंबईत मिळेल ते काम करता करता मोठेपणी अक्षरं शिकला आणि १९४३ पासून लिहीत सुटला. १५ मे २००४ ला गेला तोवर त्याच्या गाण्यांची गणती हजारांत गेली होती. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह छापले गेले हे खरं. पण जे छापलं गेलं त्याच्या कितीतरी पट गाणी गावोगावच्या गायकांना हातानं उतरवून दिलेली आहेत. एसटीनं यायचं, रात्री गायचं, सकाळी निघताना यजमानाच्या पोराच्या वहीत एक गाणं लिहून द्यायचं, ही त्याची रीत. म्हणजे वामनदादाचा ग्रंथसंग्रह एका कपाटात नाही, महाराष्ट्रभरच्या पेट्यांमध्ये विखुरलेला आहे. त्याची जन्मशताब्दी २०२२ साली होऊन गेली. सत्कार झाले, भाषणं झाली. घरोघरच्या वह्या एकत्र झाल्या नाहीत, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

इथे थोडं दूर जाऊ. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठावर एस्टोनिया आणि लाटव्हिया हे चिमुकले देश आहेत. सोव्हिएत राजवटीत एस्टोनियाच्या टाल्लिन शहरात काही पोरं पंक संगीत वाजवू लागली. तीन कॉर्ड, कर्कश गळा, सरकारला न आवडणारे शब्द. १९८० च्या सप्टेंबरात 'प्रोपेलर' नावाच्या बँडचा कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ऐन वेळी बंद पाडला, तेव्हा शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. या बँडना सहजासहजी कोणी रेकॉर्ड काढू देत नसे. घरच्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करायचं, एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरवायची आणि हातोहात वाटायची. गायन पार्टीच्या माणसांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. पण मला एस्टोनियाच्या शेजारी देशाचं, लाटव्हियाचं, अधिक कौतुक वाटतं. तिथल्या क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकगीतांची कडवी कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर जमवली. गावोगावच्या शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी त्या टिपून पाठवल्या. चिठ्ठ्या ठेवायला खणाखणांचं एक खास कपाट करून घेतलं. त्यातून १८९४ ते १९१५ दरम्यान दोन लाखांवर गीतं छापली गेली. ते कपाट आज रीगामध्ये आहे आणि २००१ मध्ये युनेस्कोनं त्याची जागतिक स्मृतिपटात नोंद केली. चिठ्ठ्या जमवल्या तेव्हा त्या लोकांकडे स्वतःचं राज्यही नव्हतं. खिशात मोबाइल असलेल्या आपल्याला हे जमणार नाही असं कोण म्हणेल?

आणि दूर जायचीही गरज नाही. जात्यावरच्या ओव्यांचं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आता त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. बाबासाहेबांवरच्या कितीतरी ओव्या त्यात आहेत. ओव्यांना जे मिळालं ते नाशिकच्या जलशाला मिळायला हवं. एवढंच मागणं आहे.

घाईचं कारण वहीच्या डोक्यावरच लिहिलेलं आहे. 'चाल.' वहीत शब्द आहेत, सूर नाही. सिनेमाच्या गाण्याची चाल दिली असेल तर निदान ती शोधता येते, आणि तिच्यावरून गाणं कधीच्या आधीचं असू शकत नाही हेही कळतं. 'चाल – नागिन' असेल तर ते १९५४ च्या आधीचं नव्हे. पण कितीतरी पानांवर नुसतं 'चाल – भल्याची' किंवा 'चाल – मागील प्रमाणे' एवढंच असतं. मागील म्हणजे कुठलं, ते त्या पार्टीतल्या माणसालाच ठाऊक. गायक सिनेमाची चाल घेऊन तिला कुठे वळवायचा, कडवं संपताना कोरस कसा उचलायचा, हे कुठल्याच कागदावर नाही. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. काहींचा आवाज गेला आहे, काहींची स्मृती. दरवर्षी एखाद्या वस्तीतून एखादी पार्टी गळ्यासकट जाते.

दुसरी पडझड कॅसेटची. ऐंशी-नव्वदच्या दशकात भीमजयंतीच्या रात्री झालेले गाण्यांचे सामने, वामनदादांचे कार्यक्रम, स्थानिक गायकांच्या मैफली लोकांनी साध्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवल्या. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी चढते. फीत पुठ्ठ्याच्या पेटीत दमट होऊन स्वतःलाच चिकटते. दाबाची छोटी गादी गळून पडते आणि आवाज मंद होत जातो. अशी बुरशीची कॅसेट कोणी कौतुकानं सरळ प्लेअरमध्ये लावली की फीत आणि प्लेअर दोन्ही खराब होतात. ती आधी नीट साफ करणाऱ्याच्या हातात द्यावी. पाच स्क्रूच्या कवचाची असेल तर कवच उघडून फीत चांगल्या कवचात घालता येते. उतरवताना स्पीकरसमोर मोबाइल धरून उतरवू नका, लाइन-आउटची वायर लावून वेव्ह फाइल करा, एमपीथ्री नंतर कितीही करता येते. आणि वहीला लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. दिवसाच्या उजेडात, सावली न पडता, मुखपृष्ठापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत सगळ्या पानांचे फोटो घ्या. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत, हे तपासूनच पुढचं पान उलटा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. या वह्या ज्यांच्या घरात आहेत ती माणसं त्या सहज दाखवत नाहीत, आणि ती चूक करतात असं मला वाटत नाही. त्यांच्या वडलांची गाणी कोणी नेली आणि परत आणून दिली नाहीत. शेवटच्या कडव्यातलं नाव बदलून कोणी गायली, कोणी छापली, कोणी त्यावर पदवी मिळवली. ज्या घरात असं घडलं आहे तिथे विश्वास मागून मिळत नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा असावा: वही घराबाहेर जाणार नाही. फोटो त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्या समोर घ्यायचे. पहिली प्रत त्या कुटुंबाला. शाहिराचं नाव, गाव, पार्टीचं नाव, ढोलकीवर कोण होतं, कोरसमध्ये कोण, हे सगळं लिहून घ्यायचं. प्रत सार्वजनिक ठेवायची की नाही याचा निर्णय त्या घराचा. कोरसमधल्या माणसाची आठवण मुद्दाम करतो, कारण जलशाचा इतिहास लिहिताना नेहमी पुढे उभ्या असलेल्याचंच नाव येतं. ज्यांनी गॅसबत्ती डोक्यावर धरली त्यांची नावंही त्या वहीच्या शेवटच्या पानावर हिशोबात सापडतात: कुणाला किती, बसभाडं किती, चहा किती.

तरुणांना एक सांगायचं आहे. चौदा एप्रिलला डीजे वाजतो म्हणून तुम्हाला नावं ठेवणाऱ्यांमध्ये मी नाही. तुमच्यापर्यंत जे पोचलं तेच तुम्ही वाजवता. आजोबांच्या पार्टीचा आवाज तुमच्या हाती दिलाच नाही, तर तुम्ही तो कुठून वाजवणार? ती फीत उतरवून घ्या, तिच्यावर तुमची ढोलकी, तुमची गिटार, तुमचा रॅप चढवा. जलशानं सिनेमाची चाल अशीच उचलली होती. कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात आणि लाखो लोक ऐकतात, याचा अर्थ कान तयार आहेत.

संस्थांकडे मागणं थेट आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ इथेच आहे, आणि शाळा सुटलेल्या माणसाला पुन्हा अक्षरांकडे आणणं हे त्याचं कामच आहे. वामनदादाची गोष्ट याहून वेगळी काय होती? शहरात मोठी महाविद्यालयं आहेत, मराठीचे विभाग आहेत, दरवर्षी प्रकल्प करणारी शेकडो मुलं आहेत. एका विद्यार्थ्यानं एका वर्षात एक वही नीट उतरवली, चालीसकट, एवढा प्रकल्प पुरे. एक कोरडी खोली, एक स्कॅनर, एक चांगला टेपडेक, फिती साफ करू शकणारा एक माणूस आणि प्रतींची दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवण, याला महापालिकेच्या अंदाजपत्रकात फार मोठी रक्कम लागत नाही. एखाद्या कमानीच्या खर्चात हे बसतं.

मुदत ठरवायची तर ती इतिहासानंच ठरवून दिली आहे. २ मार्च २०३० ला काळाराम सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील आणि २०३१ ला भीमराव कर्डकांच्या जलशाला. व्यासपीठं उभी राहतील, पाहुणे येतील. त्या दिवशी नाशिकमध्ये या गाण्यांचा संग्रह खुला व्हावा, आणि त्या घरांतली माणसं पहिल्या रांगेत असावीत.

त्यासाठी सुरुवात विहारातून आणि उत्सव समित्यांमधून व्हायला हवी, कारण वह्या कुठे आहेत हे विद्यापीठाला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. जयंतीच्या तयारीची पुढची बैठक होईल तेव्हा वर्गणी आणि मिरवणुकीच्या मार्गाबरोबर हा एक विषय घ्या: आपल्या वस्तीत वही कोणाकडे आहे, कॅसेट कोणाकडे आहेत, जुन्या पार्टीतलं कोण हयात आहे, कोण आजारी आहे. यादी करा, दोन पोरं नेमा, आणि आजारी असलेल्यांकडे आधी जा.