ओळ कुठे थांबवावी?

मागच्या आठवड्यात हैदराबादला पुतणीकडे गेलो होतो. आपल्या बिदरकडची कितीतरी मुले तिथे हायटेक सिटीत नोकरीला आहेत, त्यांतलीच ही एक. सॉफ्टवेअर लिहिते. संध्याकाळी घरी आली ती फुरंगटूनच.

"काका, आज भांडण झालं. ओळीवरून!"

प्रोग्रॅम लिहिताना एका ओळीत जास्तीत जास्त किती अक्षरे असावीत, यावर वाद. तरुण मंडळी म्हणतात १२०, पडदे आता रुंद आहेत. पण त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची नजर अधू. ते अक्षर मोठे करून वाचतात. लांब ओळ पडद्याबाहेर जाते. त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

मग तिने इतिहास सांगितला. १९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचे छिद्रांचे कार्ड काढले. पुढे एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ असे. कार्डे गेली, पण पडद्यांवर ८० टिकले. पायथन भाषेच्या २००१ सालच्या नियमावलीत ७९ अक्षरे सांगितली आहेत. सर्वांचे एकमत असेल तर ९९ पर्यंत मुभा. लिनक्सवाल्यांनी २०२० साली ८० ची मर्यादा सैल करून १०० केली. म्हणजे शुभ आकडा असा कुठलाच नाही.

मग मर्यादा हवीच कशाला? ओळ फार लांब झाली की पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो. म्हणून तर वर्तमानपत्राचे रकाने अरुंद असतात. शिवाय जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून तपासायचा असतो. ओळ लांबत चालली, तर बहुधा एकाच वाक्यात फार काही कोंबलेले असते. उलट मर्यादा फार आखूड ठेवली, तर लोक नावेच तोडतात आणि अर्थ हरवतो.

मी एवढेच म्हटले, "ज्याला वाचायला सर्वांत त्रास होतो, त्याला आधी विचारा. मग आकडा ठरवा, आणि मोजायचं काम यंत्रावर सोडा."

आपल्या घरांत मराठी-कानडी दोन्ही नांदतात. पण जेवणाऱ्याने "साकु" म्हटले की वाढणाऱ्याचा हात थांबतो. किती वाढायचे, हे ताटावरचा माणूस ठरवतो.

परवा तिचा फोन आला. त्या सहकाऱ्यांच्या पडद्यावर मोजून पाहिले. ८८ अक्षरे मावली. तेवढीच ठरली.