दोन हजारांचा इअरफोन आणि रसिकतेचं सोवळं

स्वस्त इअरफोनवर गाणं ऐकणाऱ्यांना गाणं ऐकूच येत नाही, असा निकाल एका जाणकार गृहस्थांनी नुकताच जाहीर करून टाकला. निकालाची कलमं साधारण अशी: दोन हजारांच्या आतल्या इअरफोनमध्ये खर्ज नसतो, तंबोरा पातळ वाजतो, अर्ध्या तासात कान ठणकू लागतात, सबब रागसंगीत गांभीर्यानं ऐकायचं असेल त्यानं दहा-पंधरा हजार मोजावेत, नाहीतर ऐकण्याच्या भानगडीत पडू नये. जाता जाता एक हळहळही व्यक्त झाली. लोकलमध्ये कानात बोंडं खुपसून माना डोलावणारी पोरं नेमकी कशाला डोलावतात, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक!

गृहस्थांचा कान तयार आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या तयार कानात इअरफोन बसला कसा होता, याबद्दल.

कानात जाणाऱ्या इअरफोनचं सगळं गणित हवेवर चालतं. आतला पडदा जेमतेम सहा ते दहा मिलिमीटरचा. एवढ्याशा पडद्यानं मोकळ्या खोलीत खर्ज वाजवायचा म्हटलं तर ते अशक्यच. पण त्याला खोली भरायची नसतेच. इअरफोनचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामधली चिमूटभर हवा हलवली की काम झालं. अट एकच: ती हवा कोंडलेली हवी. कडेला बारीकशी फट राहिली, तरी खालचे सूर तिथून निसटतात. वरचे निसटत नाहीत, मधलेही फारसे नाहीत. जातो तो नेमका खर्ज. शंभर हर्ट्झच्या खाली दहा-पंधरा डेसिबलची घट होणं ही अशा वेळी नवलाची गोष्ट नव्हे.

आता हे गाण्याच्या हिशेबात मांडून पाहावं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झचा. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार एक सप्तक खाली, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. डग्ग्याचा घुमाराही याच तळमजल्यावर राहतो. म्हणजे रबर सैल बसलं की पहिली गदा येते ती या दोघांवर. गंमत अशी, की खर्जाच्या तारेचा मूळ सूर हरवला तरी तिचे वरचे स्वयंभू स्वर शिल्लक असतात आणि मेंदू त्यांच्यावरून मूळ सुराची जागा भरून काढतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला काही गायब झाल्याचं कळत नाही. एवढंच वाटतं की तंबोरा पातळ आहे. गृहस्थांनी वापरलेला शब्दही हाच. तक्रार अगदी बिनचूक आहे, फक्त आरोपी चुकला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हणतात, ती अशी.

हा चोर पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. इअरफोन कानात असताना बोटानं हलकेच आत दाबावा. डग्गा एकदम भरदार झाला आणि बोट काढताच पुन्हा पोकळ वाजू लागला, तर फट आहे. दुसरी खूण याहून सोपी. दोन्ही बाजू लावून, गाणं बंद ठेवून, तोंड मिटून 'हंऽऽ' करावं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर कान नीट बंद झाला आहे. एकाच बाजूला घुमला तर दुसऱ्या बाजूचं रबर बदलायला हवं. आणि हे फार जणांच्या बाबतीत घडतं, कारण एकाच माणसाचे दोन कान एका मापाचे असतीलच असं नाही. डावीकडे लहान आणि उजवीकडे मधलं रबर लावण्यात कसलीही लाज नाही.

डबा उघडल्यावर इअरफोनवर मधल्या मापाचं सिलिकॉनचं रबर आधीच चढवलेलं असतं. बारक्या पिशवीत लहान आणि मोठं अशा आणखी दोन जोड्या असतात. मापांमधला फरक मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. ती पिशवी पाहिली जाते, हमीपत्राबरोबर परत डब्यात जाते आणि डबा कपाटावर. त्यानंतर वर्षभर 'बेस नाही' म्हणून कंपनीच्या नावानं बोटं मोडली जातात. दहा हजारांच्या इअरफोनचं मात्र असं होत नाही. दहा हजार मोजलेला माणूस माहितीपत्रक वाचतो, पाच-सहा जोड्या लावून पाहतो, फोमची रबरं मागवतो, चिमटीत दाबून कानात सारतो आणि ती फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवतो. मग त्याला खर्ज ऐकू येतो आणि तो म्हणतो, पाहा, पैशाचा गुण! हा गुण पैशाचा नाही, पैसे गेल्यामुळे आलेल्या चिकाटीचा आहे.

कान दुखण्याचंही तसंच. कानाची नळी अडीच सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि वाकडी असते. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, थोडा लवचीक. आतला भाग हाडाचा आणि त्यावरची कातडी अतिशय पातळ, हुळहुळी. रबर सैल वाटलं की माणूस इअरफोन आणखी आत रेटतो आणि ठणका सुरू होतो. किंवा मोठं रबर चढवून नळीच्या भिंतींवर तासभर दाब देत राहतो. कानाचे डॉक्टर तपासताना पाळी वर आणि मागे ओढून नळी सरळ करतात. विरुद्ध बाजूच्या हातानं तेवढंच करून इअरफोन सारला तर रेटावं लागतच नाही. शिवाय जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. म्हणून वडापाव खाताना सुटणारा इअरफोन हा कारागिरीचा दोष ठरत नाही. स्वस्त इअरफोन लावताना आत कधीकधी कागद चुरगळल्यासारखा कट्ट आवाज होतो, तो कोंडलेल्या हवेनं इअरफोनचा पडदा वाकल्याचा. चालताना वायर शर्टाला घासून कानात खरखर येते, त्यावर उपाय फुकट: वायर कानामागून वळवून घ्यावी. आणि वर्षभरानं एक बाजू हळू वाजू लागली, की बिघाडाची खात्री करून घेण्याआधी रबर काढून तोंडावरची जाळी उजेडात पाहावी. बहुतेकदा ती मळानं बुजलेली असते.

बाकीचे मुद्दे एकेका ओळीचे आहेत. महागड्या तारेनं आवाज खुलतो? कानाला जाणवेल असं काही बदलत नाही. शंभर तास वाजवल्यावर इअरफोन 'मुरतो'? मुरतो तो बहुधा ऐकणारा. 40 हजार हर्ट्झपर्यंतचा सोनेरी शिक्का? माणसाचा कान ऐन तारुण्यातही वीस हजारांपुढे जात नाही, आणि साठीत बहुतेकांचा बारा-तेरा हजारांच्या आसपास थांबतो. आपल्या वर्णनातल्या तीव्र, चमकदार टोकाचा आस्वाद नेमका कोण घेत आहे, हे जाणकारांनी एकदा घरातल्या नातवंडांना विचारून घ्यावं.

किमतीचा मुद्दा मात्र एका ओळीत सोडण्यासारखा नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं 283 हेडफोन आणि इअरफोन मोजून पाहिले. कोणता सूर किती जोरात वाजतो याचे आलेख किमतींच्या शेजारी मांडले. 2017 साली 'जर्नल ऑफ द अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका'मध्ये ते छापून आलं आणि निष्कर्ष निघाला की आलेख आणि किंमत यांचा परस्परसंबंध सापडत नाही. दुसरीकडे हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज एकाच हेडफोनमधून ऐकवण्याची युक्ती काढली, म्हणजे श्रोत्याला कंपनीचं नाव, वजन, चामड्याची गादी यांतलं काहीच कळू नये. लोकांना काय आवडतं ते अशा चाचण्यांतून पाहून त्यांनी 2013 पासून जो आदर्श आलेख मांडत नेला, तो आज कुणालाही वाचायला मिळतो. चीनमधल्या छोट्या कंपन्यांनी तो वाचला. 2022 साली मूनड्रॉपचा चू आणि सेव्हन हर्ट्झचा सॅलनोट्स झीरो हे दोन इअरफोन 20 डॉलरच्या आसपास बाजारात आले. झीरोचा आलेख हरमनच्या रेषेच्या चांगलाच जवळून जातो. चूची वायर सुटी होत नाही, तुटली की खेळ खलास, ही त्यातली खोट. पण गवयाचा गळा जसा आहे तसा ऐकवण्यात या किमतीला आता अडचण उरलेली नाही.

खरं तर हा वाद इअरफोनचा नाहीच. त्याची मुळं फार जुनी आहेत. 1902 साली कलकत्त्यात व्यापारी ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हापासून तो वेगवेगळे वेष घेऊन येतो आहे. तीन मिनिटांच्या तबकडीत राग मावणार कसा, हा पहिला अवतार. पुढे ध्वनिक्षेपक आला, तेव्हा गळ्याची खरी ताकद आता कोण पारखणार म्हणून उसासे पडले. मग टेप आली, कॅसेट आली आणि गल्लोगल्ली गाणं पोचलं, तेव्हा गाणं स्वस्त झाल्याचं दुःख करण्यात आलं. प्रत्येक वेळी तक्रार करणारे मागच्या पिढीच्या यंत्राला मात्र पवित्र मानत होते. आज हेच जाणकार ज्या जुन्या तबकड्यांवर जीव ओवाळून टाकतात, त्यांतल्या मायक्रोफोनपूर्व काळातल्या मुद्रणांत अडीच-तीन हजार हर्ट्झच्या पलीकडचं फारसं काही नाही आणि तळाचा खर्ज तर नाहीच. ती ऐकायला पंधरा हजारांचा इअरफोन लागतो म्हणे! त्या करकरीतूनही ज्यांना बुजुर्गांची फिरत ऐकू आली, त्यांनी लोकलमधल्या पोरांना आवाजाच्या शुद्धतेचे धडे द्यावेत, ही गंमतच आहे. आणि जाणकारांच्या या पिढीतल्या किती जणांनी आपलं पहिलं गाणं घरच्या खरखरत्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं, तो हिशेब वेगळाच.

गृहस्थांचं एक म्हणणं मान्य करायला हवं. बाजारात सर्वाधिक खपणारा माल बेसुमार फुगवलेल्या बेसचा असतो. त्यात डग्गा बंदिशीच्या शब्दांवर बसतो आणि 'स'-'श' कानात टोचतात. पण हा दोष स्वस्ताईचा नाही, मागणीचा आहे. महागातही असा माल सर्रास मिळतो. जास्त पैशांत मिळतं ते वेगळंच: सुटी होणारी वायर, टिकाऊ सांधे, गोंगाट मारणारी यंत्रणा, दुरुस्तीची सोय. बिनतारी जोडीत तर बरेचसे पैसे बॅटरी आणि ब्लूटूथलाच जातात आणि काही वर्षांत बॅटरी मान टाकते. एवढ्यासाठी ज्याला पैसे द्यायचे त्यानं खुशाल द्यावेत. त्याला रसिकतेची पावती मात्र समजू नये.

मग घ्यावं काय? ज्यात निदान तीन मापांची रबरं आहेत, तोंडाची नळी आखूड आणि गुळगुळीत आहे आणि जो परत करता येतो, असा वायरचा साधा इअरफोन. लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन. ओळखीची एखादी मैफल लावून, तिन्ही रबरं आलटून पालटून, तासभर कानात ठेवून पाहावा. तासानं टोचू लागला तर तो परत.

फट बुजवण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो रसिकतेपेक्षा मोलाचा. रबर सैल असलं की लोकलचा खडखडाट आत येतो आणि बोट आवाजाच्या बटणाकडे जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित धरलं जातं. 90 डेसिबलवर तीच मर्यादा 4 तासांवर येते. घट्ट बसलेलं रबर बाहेरचा पुष्कळ गोंगाट अडवतं, मग आवाज वाढवावाच लागत नाही. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र दोन्ही बाजू कानातून काढाव्यात. आणि कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा प्रकार कानात घालूच नये.

राहता राहिली विक्रेत्यांची बाजू. डब्यावर '10 मिमी ड्रायव्हर' मोठ्या अक्षरांत छापतात. पण कानात जे जातं त्या रबराचं आणि नळीचं माप किती मिलिमीटर, ते कुठेच नसतं. चप्पल घेताना दुकानदार आधी नंबर विचारतो. इअरफोनच्या डब्यावरही तो छापावा आणि रबरांच्या सुट्या जोड्या काउंटरवर ठेवाव्यात. कंपन्यांना त्यासाठी फारसा खर्च येणार नाही.