फुटलेले पान कुणाचे?



जयंतीचा महिना सरला की आमच्या मंडळाची हिशेबाची बैठक बसते. या वेळी त्या बैठकीत पैशापेक्षा जास्त बोलणे झाले ते एका फुटक्या पानावर. पान म्हणजे ड्रमचे पान, ज्यावर काठी पडते ते.

१३ एप्रिलच्या रात्री विहारासमोर भीमगीतांचा कार्यक्रम रंगात आला होता. बाराच्या ठोक्याला बाबासाहेबांना अभिवादन करायचे होते. साडेअकराच्या सुमारास स्नेअर ड्रमचा, म्हणजे वादकाच्या मांडीपुढच्या छोट्या ड्रमचा, आवाज बसला. वाजवणारा मुलगा सतरा वर्षांचा. घाईत त्याने पक्कड घेतली आणि हाताशी आलेला एकच बोल्ट करकचून आवळला. पुढच्याच गाण्याला पान कडेने टरकन फाटले. राहिलेला कार्यक्रम ढोलकीवर निभावला, पण वस्तीत बोलबाला झाला : "पोराने मंडळाचा ड्रम फोडला." मुलगा विहारात यायचा बंद झाला.

चौथ्या दिवशी त्याची आई माझ्या दारात उभी. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. पदराची गाठ सोडून तिने काही नोटा पुढे केल्या. म्हणाली, "भाऊ, बाकीचे हप्त्यानं फेडते. पण पोराला विहारात येऊ द्या."

मी मंडळाचा खजिनदार. तिला बसवून घेतले आणि हिशेबाची वही उघडली. सात वर्षांपूर्वी घरटी वर्गणी काढून ड्रम सेट घेतल्याची नोंद सापडली. त्यानंतर दरवर्षी मंडप, रोषणाई, हार, छपाई, टेम्पोभाडे सगळे पैशापैशासह लिहिलेले. ड्रमच्या पानासाठी मात्र सात वर्षांत एकही रुपया नाही. वही माझ्याच हस्ताक्षरात होती. ते पान पोराने फोडलेच नव्हते. ते आधीच मेलेले होते, त्याच्या हातून फक्त फाटले. मी त्या माउलीचे पैसे परत केले आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथील मिस्त्रींनी आम्हा दोघांना जे शिकवले, ते आपल्या प्रत्येक मंडळाला, गायन पार्टीला उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

ड्रम सेटमधल्या जवळजवळ प्रत्येक ड्रमला दोन पाने असतात. वरच्यावर काठी पडते, खालचे नुसते घुमते. स्नेअरचे खालचे पान तर पतंगाच्या कागदासारखे पातळ असते. त्यावर कधी काठी मारू नये आणि वरचे जाड पान तेथे लावू नये. पूर्वी ही पाने वासराच्या कातड्याची असत. पॉलिएस्टरच्या प्लास्टिक पानांचा प्रसार जगभर झाला तो १९५० नंतरच्या दहा वर्षांत. अमेरिकेत रेमो बेली या ड्रमवादकाने १९५७ साली अशा पानांची कंपनीच काढली. कातडे पावसाळी हवेत सैल पडते आणि उन्हात ताठते. प्लास्टिक ओल शोषत नाही, म्हणून ते टिकते. पण टिकते म्हणजे अमर नसते.

पान बदलायची वेळ झाली हे कसे ओळखावे? मधोमध बोट फिरवा. खळगे लागले, पांढरा खरबरीत लेप उडून गेला असेल, कितीही ताणले तरी आवाज ठस्स येत असेल, तर त्या पानाचे दिवस भरले. चिकटपट्टी लावून एखादी रात्र निघेल, वर्ष निघणार नाही. खालचे पान जास्त टिकते. वरचे दोन-तीन वेळा बदलले की खालचे एकदा बदलावे.

नवे पान आणताना माप चुकवू नका. वरचे लोखंडी कडे धरून मोजले तर माप मोठे येते. ड्रमच्या लाकडाची रुंदी या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजायची. स्नेअर बहुधा १४ इंचांचा असतो. मिरवणुकीत जोरात वाजवायचे असेल तर दुहेरी थराचे पान घ्यावे. एकहेरी पान जास्त खुलते, पण लवकर जाते.

आता कृती. ड्रमचे बोल्ट फिरवायची चौकोनी तोंडाची छोटी चावी मिळते, तीच वापरावी. पकडीने बोल्टचे डोके झिजते, मग चावीही बसत नाही. जुने पान काढताना सगळे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे सैल करा. कडे उचलले की आत पाहा. आमच्या ड्रममध्ये सात जयंत्यांचा निळा गुलाल निघाला! कोरड्या फडक्याने तो पुसून घ्या. लाकडावर पाणी ओतू नका. लाकडाच्या काठावरून हळू बोट फिरवा. खाच लागली तर मिस्त्रीला दाखवा, घरी कानस चालवू नका. कडे सपाट लादीवर ठेवून पाहा. डुगडुगले तर ते वाकलेले आहे. बोल्टला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या.

मग नवे पान ठेवा, वर कडे बसवा आणि सर्व बोल्ट आधी नुसत्या बोटांनी घट्ट होतील तेवढे फिरवा. यानंतर चावी. सहा बोल्टचा ड्रम असेल तर घड्याळ डोळ्यांपुढे आणा : बारावरचा बोल्ट अर्धा फेरा, मग सहावरचा, मग दोन, आठ, चार, दहा. एकाला आवळले की दुसरा त्याच्या समोरचा. सुरकुत्या जाईपर्यंत असेच करा. मध्ये एकदा तळहाताने पान हलके दाबा. कडकड आवाज आला तर घाबरू नका, पान कड्यात बसत असते. शेवटी ड्रम जाड कापडावर ठेवून प्रत्येक बोल्टपासून दोन बोटे आत टिचकी मारा. जेथे आवाज खाली, तेथे किंचित आवळा. जेथे चढा, तेथे किंचित सोडा. नवे पान थोडे ताणते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका.

हे सर्व आम्ही विहाराच्या ओट्यावर केले. मुलांबरोबर मुलीही जमल्या होत्या. टिचकीपर्यंत आलो आणि अडलो. कोणता बोल्ट चढा, कोणता उतरा, कुणालाच कळेना. तेव्हा कडेला बसलेले आमच्या वस्तीतले आजोबा उठले. वय ऐंशीच्या पुढे. ते ड्रमला कधी हात लावत नसत, म्हणून आम्हाला वाटे त्यांना हा गोंगाट आवडत नाही. त्यांनी कान पानाजवळ नेला, एका बोटाने टिचकी मारत फिरले आणि म्हणाले, "हा उतरलाय. ह्याच्या समोरचा जरा सोड." दहा मिनिटांत सारे पान एका आवाजात बोलू लागले.

कुठे शिकलात, असे विचारल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग बोलले. त्यांच्या वडिलांना गावच्या लग्नात, पालखीपुढे डफडे वाजवावे लागे. लहानपणी हे शेकोटीपाशी बसून कातडे शेकून द्यायचे, आवाज चढला की नाही ते कानाने सांगायचे. वाजवायला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मोबदला काय, तर उरलेसुरले अन्न. १९५६ साली नागपूरला दीक्षा घेऊन वडील परतले आणि त्यांनी डफडे खाली ठेवले ते कायमचे. "मीही त्या दिवसापासून चामड्याला हात लावला नाही," आजोबा म्हणाले. त्या मुलाने हळूच सांगितले, "आजोबा, हे चामडं नाही, प्लास्टिक आहे." आजोबा हसले. "तसं नाही रे बाळा. चामड्याचं असतं तरी आज वाजवलं असतं. तेव्हा दुसऱ्याच्या दारात, त्याच्या हुकमानं वाजवायचं होतं. हे आपलं आहे, आपल्या पैशाचं आहे."

बंधू-भगिनींनो, ज्या हक्काने आपण आज वाजवतो तो असा मिळालेला आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादांपर्यंत आपल्या कलावंतांनी बाबासाहेबांचा विचार वाद्याच्या साथीने खेड्यापाड्यांत नेला. तेव्हा वाद्ये मोजकी होती आणि जपली जात होती. आज आपण वर्गणी काढून महागाची वाद्ये घेतो, फोटो काढतो, आणि वर्षभर विहाराच्या कोपऱ्यात ती धूळ खात ठेवतो. कुणी त्यांवर हार ठेवतो, कुणी खुर्च्या रचतो. मग ऐन वेळी काही मोडले की शोधतो, हात कुणाचा होता. तो हात नेहमी गरिबाच्या पोराचाच सापडतो.

हिशेबाच्या भाषेत घसारा नावाची रक्कम असते. वस्तू वापरली की झिजते, ती झीज दरवर्षी वहीत लिहायची असते. कॉलेजात मी हे शिकलो, नोकरीत रोज पाहतो, आणि माझ्याच मंडळाच्या वहीत विसरलो. आता आम्ही तीन ठराव केले. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुपारीतून काही भाग देखभालीसाठी बाजूला काढायचा. स्नेअरचे एक जादा पान आणि चावी नेहमी पेटीत ठेवायची. आणि एक वाद्यवही घालायची, ज्यात कोणते पान कधी बदलले, किती खर्च आला आणि काम कुणी केले हे लिहायचे.

त्या वहीतल्या पहिल्या नोंदीत, काम करणाऱ्याच्या रकान्यात, त्या मुलाचे नाव आहे. त्याच्या आईने ते वाचून घेतले, दोनदा. बुद्धपौर्णिमेला ड्रमवर तोच बसला होता, आणि आजोबा पहिल्या रांगेत कान देऊन ऐकत होते.

आपल्या मंडळाचा ड्रम आज एकदा उघडून पाहा. जयभीम!