आधी झुरळ ओळखा, मग फवारणीचा ठराव करा

१. सोसायटीच्या सभेत पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट आलं की चर्चा होते ती दरावर. झुरळ कोणतं, हे कुणी विचारत नाही. उपाय जातीनुसार बदलतो, म्हणून हा प्रश्न ठरावाच्या आधी यायला हवा.

२. मोरीच्या जाळीतून रात्री वर येणारं, तांबूस, साडेतीन-चार सेंटिमीटरचं झुरळ अमेरिकन. त्याचं ठाणं ड्रेनेज चेंबरमध्ये. ट्रॉलीच्या बिजागरीत, मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या मोटरपाशी सापडणारं, फिकट तपकिरी आणि जेमतेम दीड सेंटिमीटरचं, ते जर्मन. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर समांतर पट्टे दिसले की शंका उरत नाही. अनेक घरांत त्याला मोठ्या झुरळाचं पिल्लू समजतात आणि चेंबर फवारून घेतात. पण पिल्लाला पंख नसतात. पंख असलेलं छोटं झुरळ पूर्ण वाढलेलंच असतं, आणि त्याची वीण तुमच्या ओट्याखाली चालू असते.

३. जर्मन झुरळ माणसाच्या वस्तीबाहेर राहत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या परिसरातल्या एका रानटी जातीपासून वेगळं झालं. घरात ते येतं किराणा मालाच्या खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून, शेजारच्या पाइपालगतच्या फटीतून. मादी तीस-चाळीस अंड्यांचा कोश पिल्लं बाहेर पडायच्या वेळेपर्यंत पोटाशी धरून फिरते. उबदार स्वयंपाकघरात ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत प्रौढ होतात.

४. नेहमीच्या पायरेथ्रॉइड फवाऱ्यांना ही जात जगभर दाद देईनाशी झाली आहे. फवारा मारला की वाचलेली झुरळं फटींत आणखी आत सरकतात, डक्टमधून दुसऱ्या घरात जातात. फटींत लावलेले जेलचे छोटे ठिपके अधिक कामाचे. जेल खाल्लेल्या झुरळाच्या विष्ठेतून विष पिल्लांपर्यंतही पोचतं. मात्र काही झुरळांना जेलमधलं ग्लुकोज नकोसं झालेलं असतं, त्यामुळे जेल अधूनमधून बदलावं लागतं. आणि जेलवर फवारा कधीच मारू नये, मग झुरळ त्याला तोंड लावत नाही.

५. झुरळांची विष्ठा आणि कात यांमुळे मुलांचा दमा बळावतो. आणि झुरळं एका घरातून दुसऱ्या घरात जातात, त्यामुळे ‘ज्याचं घर त्याने बघावं’ ही भूमिका मला मान्य नाही.

६. ठरावात एवढं लिहून घ्या: कामाआधी प्रत्येक स्वयंपाकघरात चिकट सापळे ठेवून जात ओळखावी. एका डक्टवरच्या सगळ्या घरांत एकाच दिवशी काम व्हावं. कंत्राटदाराने लायसन्स दाखवावं आणि औषधातल्या घटकाचं नाव लेखी द्यावं. काही आठवड्यांनी सापळे पुन्हा लावावेत आणि त्यातली झुरळं मोजूनच उरलेलं बिल चुकतं करावं.