जुन्या मोटारीला नवें बळ

शाळेच्या वार्षिक अंकांत मोटारीच्या इंजिनाविषयीं लेख यावा, हें पाहून आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरांत एखादी जुनी मोटार अद्यापि उभी आहे आणि त्याच घरांत एखादा यंत्रप्रेमी मुलगा किंवा मुलगी वाढत आहे, त्या घरांत हा वाद आज ना उद्यां उपस्थित झाल्यावांचून राहत नाहीं. आमच्या घरीं तो गेल्या उन्हाळ्यांत उपस्थित झाला.

आमच्या वडिलांनीं घेतलेली प्रीमिअर पद्मिनी आमच्याकडे आहे. तिची पहिली नोंदणी १९७५ सालची. आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. सुटींत घरीं आला असतां त्यानें एके रात्रीं जेवण झाल्यावर एक कागद आमच्यापुढें ठेवला. त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें : दुप्पट शक्तीचें नवें इंजिन, पांच गिअरांचा गिअरबॉक्स, मागल्या चाकांस रुंद टायर. त्याखालीं खर्चाचा अंदाज आणि सर्वांत शेवटीं ‘काकांची संमति’ असे शब्द लिहून पुढें जागा कोरी सोडलेली. त्या रात्रीं आम्हीं ती जागा भरली नाहीं. कां भरली नाहीं, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

प्रथम गाडीची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें इटलीच्या फिआट कंपनीच्या गाड्या तयार होऊं लागल्या. पद्मिनी ही त्यांतील फिआट ११०० या गाडीची वंशज. तिच्या इंजिनाचें घनफळ १०८९ घनसेंटिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. हेंच माप फिआटनें १९३७ सालच्या आपल्या गाडींत योजिलें होतें. सुमारें ४० अश्वशक्तीचें हें इंजिन सुमारें ९०० किलो वजनाची गाडी ओढतें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ही गाडी किती रुळली होती, हें पालकवर्गास ठाऊकच आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिला रस्ता सोडावा लागला.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. पुतण्याच्या कागदावर तीन वस्तु होत्या. आमच्या मतें ती वस्तु एकच आहे. या गाडीचें इंजिन पुढें असून गति मागल्या चाकांस मिळते. मध्यें क्लच, गिअरबॉक्स, लांब फिरता दांडा, डिफरन्शिअल आणि दोन हाफशाफ्ट अशी सांखळी आहे. इंजिनाचा पीळ पहिल्या गिअरमध्यें तिपटी-चौपटीनें वाढतो, डिफरन्शिअलमध्यें पुन्हां सुमारें चौपट होतो, आणि मग दोहों हाफशाफ्टांत वांटला जातो. म्हणजे इंजिनांत जो एक भाग पीळ उत्पन्न झाला, तो मागल्या आंसापाशीं बारा ते सोळा भाग होऊन पोंचतो. इंजिन दुप्पट केलें कीं हा सर्व हिशेब दुप्पट होतो. परंतु हाफशाफ्टाची जाडी मात्र मूळचीच राहते.

येथें मागल्या टायरचें एक असें कार्य आहे कीं जें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मूळचा अरुंद टायर फार ओढ पडली म्हणजे रस्त्यावर थोडा घसरतो आणि वाढलेला पीळ तेथेंच वांया जातो. घरांतील विजेचा फ्यूज जें काम करतो, तेंच काम हा गरीब टायर न बोलतां करीत असतो. त्याच्या जागीं रुंद व घट्ट पकड घेणारा टायर बसविला कीं फ्यूज काढून तेथें जाड तार घातल्यासारखें होतें. मग सांखळींत जो दुवा सर्वांत दुबळा असेल तो तुटतो. आणि तो तुटतो तो बहुधा भर चढणीवर, कारण तेथेंच ओढ अधिक असते.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों असें नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका दुकानदाराच्या सांगण्यावरून आम्हींच मागल्या दोन चाकांस रुंद रेडिअल टायर बसविले आणि पुढें जुने क्रॉसप्लाय तसेच राहूं दिले. गाडी दिसावयास ऐटदार झाली! परंतु चार माणसें बसलीं कीं मागला टायर मडगार्डला घासूं लागे व जळक्या रबराचा वास येई. तेवढ्यावर भागलें असतें तर हंसण्यावारीं नेलें असतें. श्रावणांत बोरघाट उतरत असतां एका वळणावर आम्हीं स्टिअरिंग फिरविलें, आणि गाडी न वळतां सरळच जाऊं लागली. मागल्या चाकांची पकड भक्कम, पुढल्या चाकांची दुबळी. ओल्या रस्त्यावर पुढलीं चाकें आधीं सुटलीं. कठड्यापासून हात-दीड हातावर गाडी थांबली. मागें आमची आई बसली होती. ती एक शब्दही बोलली नाहीं, आणि तें न बोलणेंच आमच्या अधिक लक्षांत राहिलें आहे. दोष दुकानदारास देण्यांत अर्थ नाहीं. दोन प्रकारचे टायर एका गाडींत मिसळूं नयेत, ही माहिती तेव्हांही मिळण्यासारखी होती. आम्हीं ती मिळविली नाहीं, एवढेंच.

टायरच्या मापाचा हिशेब तर नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं करून पाहण्याजोगा आहे. पद्मिनीचा मूळ टायर ५.२० × १४ या मापाचा. त्याचा परीघ सुमारें १.९ मीटर. गाडी ताशीं ८० किलोमीटर वेगानें जात असेल तर ती मिनिटाला सुमारें १३३३ मीटर जाते. म्हणजे चाक मिनिटाला सुमारें ७०० फेरे घेतें. डिफरन्शिअलचें प्रमाण ४.३ धरलें आणि चौथा गिअर सरळ मानला तर इंजिनास सुमारें ३००० फेरे घ्यावे लागतात. पांचवा गिअर ०.८ प्रमाणाचा असेल तर हेच फेरे २४०० वर येतात. इंजिनाचा आवाज कमी होतो, झीज कमी होते आणि सपाट रस्त्यावर पेट्रोलही थोडें वांचतें. येथवर पुतण्याचें म्हणणें आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु त्यानें निवडलेला रुंद टायर १३ इंची रिमवरचा, १७५/७० मापाचा होता. त्याचा परीघ भरतो सुमारें १.८ मीटर, म्हणजे शेंकडा पांच-सहा कमी. पांचव्या गिअरनें जें मिळविलें त्यांतील कांहीं भाग टायरनें परत घेतला, आणि वर वेगदर्शक कांटाही खोटें बोलूं लागला. एका हातानें दिलें आणि दुसऱ्या हातानें काढून घेतलें, असा हा व्यवहार! तोच १५५ मापाचा १४ इंची रेडिअल घेतला तर परीघ जवळजवळ मूळचाच राहतो, मडगार्डला तो लागत नाहीं आणि मूळच्या अरुंद रिमवर नीट बसतो. मात्र तो चारही चाकांस घ्यावा.

त्या कागदावर ब्रेक हा शब्द कोठेंच नव्हता. आमचा खरा आक्षेप हा आहे. चालत्या गाडींतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ६० ऐवजीं ९० किलोमीटरनें जाणारी गाडी थांबवावयाची तर ब्रेकांस दीडपट नव्हे, सव्वादोनपट उष्णता पोटांत घ्यावी लागते. आमच्या गाडीच्या चारही चाकांस ड्रमचे ब्रेक आहेत. लांब उतारावर ते तापतात आणि तापल्यावर त्यांची पकड सुटत जाते. पाय पूर्वीइतकाच दाबलेला असतो, परंतु गाडी पूर्वीसारखी थांबत नाहीं. फिआट कंपनीचाच दाखला पाहा. १९६२ सालच्या ११०० डी या गाडीस तिनें १२२१ घनसेंटिमीटरचें मोठें इंजिन दिलें होतें. १९६६ सालीं ११०० आर काढतांना इंजिन पुन्हां १०८९ वर आणलें, आणि पुढल्या चाकांस डिस्क ब्रेक मात्र नवे दिले. ज्यांनीं गाडी जन्मास घातली त्यांनीं इंजिन लहान करून ब्रेक मोठे केले. आपण मात्र इंजिन दुप्पट करून ब्रेक तसेच ठेवावयास निघालों आहों.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. इंजिन बदलावयाचें तर आधीं परवानगी लागते. शिवाय २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील गाड्यांस स्वतंत्र ‘विंटेज’ नोंदणी मिळूं लागली आहे. तिची अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असावी. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आमच्या गाडीनें नुकतीच पन्नाशी ओलांडली आहे. जो मान तिला पन्नास वर्षें तग धरल्याबद्दल मिळावयाचा, तो एका इंजिनापायीं कायमचा गमवावा काय? पुतण्यास हें ठाऊक नव्हतें. खरें सांगावयाचें तर, वाद सुरू होईपर्यंत आम्हांसही नीट ठाऊक नव्हतें.

यावर तो म्हणाला, “काका, पण गाडी चालवायची आहे कीं नुसती पुजायची आहे? चढावर मागचे ट्रक भोंगे वाजवतात तेव्हां तुम्हीच वैतागतां.”

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आमच्याजवळ चोख उत्तर नाहीं. आजच्या रस्त्यावर फार संथ गाडी ही स्वतःच एक अडचण होते, हें आम्ही मान्य करतों. जुन्या वस्तूला हातच लावूं नये, असेंही आमचें म्हणणें नाहीं. पण मूळचें इंजिन झिजलेलें असतांना त्याच्या दुबळेपणाचा दोष त्याच्या आकारास देणें न्याय्य नव्हे. आमच्या इंजिनाचें बोअरिंग होऊन नवे पिस्टन व रिंगा पडल्यास पुष्कळ लोकांतर झालें आहे. व्हॉल्व्ह नीट बसत नाहींत. कार्बोरेटर धुऊनही वर्षें लोटलीं. हीं कामें केलीं तर जें बळ पूर्वीं होतें तें बरेंचसें परत येईल, आणि मेस्त्रीचेंही मत तसेंच पडलें. शिवाय आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल येतें. जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा त्यानें फुगतो, चिरतो. नवें इंजिन घेण्याआधीं त्या चार नळ्या बदलणें अधिक निकडीचें आहे, कारण गळणारें पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतें. खर्चही अगदीं किरकोळ.

सुटी संपण्याच्या आदल्या दिवशीं पुतण्यानें कागद नव्यानें लिहून आणला. पहिल्या ओळींत ब्रेक : चारही ड्रम, नवे लायनर, नव्या नळ्या. दुसरींत चार सारखे टायर. तिसरींत डिफरन्शिअल उघडून दांते व हाफशाफ्ट तपासणें. चौथींत मूळ इंजिनाची डागडुजी. पांच गिअरांचा गिअरबॉक्स पांचव्या ओळींत प्रश्नचिन्हासह होता. तो बसवितांना मूळ सांगाडा कापावा लागेल काय, हें मेस्त्रीनें मोजून सांगावयाचें आहे. पहिल्या चार ओळींपुढें आम्हीं सही केली.

दुप्पट शक्तीच्या इंजिनाची ओळही तेथें आहे. ती त्यानें खोडली नाहीं. सर्वांत खालीं पेन्सिलीनें लिहून ठेवली आहे.