ज्यांचे सुतक कुणी धरत नाही

आज वसुबारस. दिवेलागणीला गाय-वासराच्या पायांवर पाणी पडेल, कपाळी हळदीकुंकू लागेल, गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी पानात येईल आणि उंबऱ्यावर दिवाळीची पहिली पणती तेवेल. कल्याणजवळच्या मोहने, आंबिवली, गाळेगाव या पट्ट्यातले गोठे केव्हाच ओसरले. तरीही या तिथीला गाय शोधत जाण्याची आपली सवय सुटलेली नाही, हे मोठे भाग्यच. हीच तिथी डोंगराकडच्या पाड्यांवर वाघबारस म्हणून पाळली जाते. महादेव कोळी, ठाकर, वारली यांच्या शिवेवर शेंदूर माखलेला वाघोबा असतो. दगडात नाहीतर लाकडात कोरलेला, माथ्याशी चंद्र-सूर्य घेतलेला. गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना सांभाळ म्हणून गाऱ्हाणे घालतात. एकाच दिवशी गायही पूजायची आणि तिला उचलून नेणाराही, यात आपल्या पूर्वजांना काही विसंगत दिसले नाही. शिवेच्या आत गाय, शिवेवर वाघ आणि दोघांना ओळखणारा माणूस मधल्या वाटेवर, अशी ती मांडणी होती.

त्या मधल्या वाटेचा आता रस्ता झाला आहे.

दिवाळीच्या तोंडावर या रस्त्यांवर मरण दाटते, त्याला कारण आहे. हळवा भात कापणीला येतो, खाचरांतला आडोसा एकाएकी नाहीसा होतो. दाण्यासाठी उंदीर, उंदरामागे धामण, तिच्या पाठोपाठ मुंगूस, आणि रात्री घुबड, असे सारे कुटुंबच जागा बदलू लागते. थंडीची चाहूल लागली की दिवसभर तापलेल्या डांबरावर साप ऊब घेत पसरतात. रातवा पक्षीही रस्त्यावरच बसून राहतो आणि दिव्याच्या झोतात त्याला उडायचे सुचत नाही. टिटवाळ्याकडे जाताना पहाटे दिसते ती धामण: हातभर अंग शाबूत, पिवळसर खवल्यांवर दव, मधला वीतभर भाग मात्र डांबराशी एकजीव झालेला. जवळच एखादा कावळा अर्धे लक्ष तिच्यावर आणि अर्धे येणाऱ्या टेम्पोवर ठेवून असतो. तोही वेळेत उडाला नाही, तर दुपारी तिथे दोन कलेवरे असतात. आपण चाक जरा वळवतो आणि पुढे जातो. वळवतो, हेही काही कमी नाही. मनात काहीतरी हलते म्हणूनच हात हलतो. पण त्या हलण्याला पुढे वाट मिळत नाही.

माणूस गेला की आपण थांबतो. सुतक धरतो, दहाव्याला कावळ्याची वाट पाहतो, गेलेल्याचे नाव घेऊन बोलतो. नाव असले की शोकाला धरायला काही मिळते. जनावरालाही नाव मिळाले की काय होते, हे आपल्या भागाने एकदा पाहिले आहे. नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक बिबट्या २००९ साली वर काढला गेला. त्याचा शांत स्वभाव पाहून त्याला ‘आजोबा’ म्हटले गेले. विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या मंडळींनी त्याच्या अंगात ओळखीची चिप घालून आणि गळ्यात माग काढणारी कॉलर बांधून त्याला माळशेजच्या रानात सोडले. तिथून तो चालत निघाला. कसारा ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून गेला आणि सुमारे १२० किलोमीटरची वाट तुडवून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोहोचला. आपल्या मोहन्याला वळसा घालून जाणारी उल्हास नदीच पुढे त्या खाडीत उतरते. म्हणजे ज्या पाण्यावर आपली तहान भागते, तेच पाणी त्यानेही कापले. एवढे सगळे पार करून, डिसेंबर २०११ मध्ये, तो मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कुठल्याशा वाहनाच्या धडकेने मेला. अंगातल्या चिपमुळे ओळख पटली आणि अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे त्याच्यावर चित्रपटही निघाला. चिप नसती, तर तोही महामार्गावरचा आणखी एक बिबट्या ठरला असता.

गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीजवळ ऑगस्ट २०२३ मध्ये गाडीची धडक बसलेला वाघ फरफटत झुडपाकडे जाताना साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिला. नागपूरला उपचारासाठी नेताना त्याने प्राण सोडला. आपण हळहळलो, ते खरेच हळहळणे होते. मात्र हळहळ हे सुतकाचे पहिले पाऊल. त्यापुढे करायची कामे असतात, आणि ती करणाऱ्यांनी केलीही आहेत. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, न्यायालयापर्यंत झगडा गेल्यानंतर, प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले गेले. सर्वांत मोठा ७५० मीटर लांबीचा. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्री, चितळे खालून निर्धास्त जाताना टिपली गेली.

आपल्या भोवतीही रस्त्यांचा वेढा वाढतो आहे. कल्याणचा रिंग रोड आटाळी-आंबिवलीकडून टिटवाळ्याला निघाला आहे, आणि समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी, पर्यावरण दिनीच, इगतपुरीहून भिवंडीच्या आमण्यापर्यंत येऊन ठेपला. रस्ते आपल्याला हवेत. रुग्णवाहिकेला हवेत, शहाडच्या कोंडीत रोज तास घालवणाऱ्याला हवेत. म्हणूनच ते बांधले जात असताना बोलणे हे आपले काम आहे. उल्हास आणि काळू नदीवरच्या पुलांखाली दोन्ही तीरांवर कोरडी पट्टी मोकळी राहिली, तर कांडेचोर आणि कोल्हा यांना वर चढून यावे लागत नाही. साधी मोरीदेखील मुंगसाला पुरते, तिच्यात राडारोडा आणि प्लॅस्टिक तुंबलेले नसले तर. पावसाळ्यापूर्वी महापालिका नाले साफ करते. त्या यादीत या मोऱ्या घालून घेण्यासाठी एक अर्ज आणि पाठपुरावा एवढेच लागते. रात्री शेताकडेच्या पट्ट्यात वेग उतरवायचा. जखमी जनावर दिसले तर हात न लावता वनखात्याचा १९२६ क्रमांक फिरवायचा. मेलेले लहान जनावर असेल, तर गाडी कडेला घेऊन, मागेपुढे पाहून, काठीने ते झुडपाच्या आत सारायचे, म्हणजे त्याच्यावर उतरणारी घार वाचते. वाघबारशीला गुराखी गावातून तांदूळ गोळा करून वाघोबाला नैवेद्य रांधतात. तसे आपल्या आळीने यंदा, दिवाळीच्या सुट्टीत, मोहने-टिटवाळा रस्त्यावरच्या मोऱ्या मोजून त्यांची यादी वॉर्ड ऑफिसात द्यावी. मोऱ्या कुठे आहेत हे जुन्या शेतकऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. त्यांच्यापासूनच सुरुवात करू.